छापील त्रैमासिक ऑनलाइन नेताना: फॉन्ट, संमतीपत्रं, डीओआय आणि बाकीची कटकट

इतिहास आणि भाषा या विषयांवरचं एक छोटं मराठी संशोधन त्रैमासिक आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावातून निघतं, एक ट्रस्ट चालवतो, मी तिथे अठ्ठ्याण्णव सालापासून आहे. हुद्दा विचाराल तर कार्यकारी संपादक, पण प्रत्यक्षात प्रुफं, छापखाना, वर्गणी, पोस्टाचे गठ्ठे, लेखकांचे रुसवेफुगवे सगळं माझ्याकडेच. २०२२ ते २०२५ मधे आम्ही हे त्रैमासिक ऑनलाइन नेलं, नवे अंक आणि जमतील तेवढे जुनेही. सुरुवात केली तेव्हा याबद्दल मराठीत एका जागी लिहिलेलं काही मिळालं नव्हतं, जे होतं ते इंग्रजीत आणि तेही मोठ्या सायन्स जर्नल्सना धरून, म्हणून आता जरा सवड आहे तर क्रमाने लिहून ठेवतेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

निमित्त लॉकडाउनचं. जानेवारी-मार्च २०२० चा अंक छापून तयार आणि प्रेसला कुलूप. मग डीटीपीवाल्या काकांकडून पीडीएफ घेतली आणि वर्गणीदारांना व्हॉट्सॲपवर पाठवली. लोक खूश झाले, पण दोन दिवसांनी एका प्राध्यापकांचा फोन, "ताई, यातला एक उतारा कॉपी करून माझ्या लेखात टाकतोय तर नुसती रोमन अक्षरांची गिचमिड येतेय." ती येणारच होती. आमचं सगळं काम पानं लावायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरमधे, जुन्या फॉन्टात, आणि त्या फॉन्टांत आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वर फक्त मराठी आकार चढवलेले. कागदावर छापायला झकास. पण गूगलला त्यात मराठी दिसतच नाही. म्हणजे पंचवीस वर्षं आम्ही कॉम्प्युटरवर काम करत होतो आणि तरी शोधणाऱ्याच्या दृष्टीने आमचा एकही लेख अस्तित्वात नव्हता, हे मला त्या फोननंतर नीट कळलं.

ट्रस्टची मीटिंग व्हायला जानेवारी २०२२ उजाडलं. दोन गोष्टी ठरल्या. छापील अंक बंद करायचा नाही. आणि ऑनलाइन जे जाईल ते सगळ्यांना फुकट, लेखकाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत. पहिल्यावर सगळे एकमताने हो म्हणाले, दुसऱ्यावर बरीच वादावादी झाली, ती पुढे येईलच.

आधी फॉन्ट. २०२२ च्या पहिल्या अंकापासून युनिकोडवर आलो, ज्यात आतले कोडही मराठी अक्षरांचेच असतात, आणि पेजमेकर सोडून इनडिझाइन घेतलं. काकांचं वय साठच्या पुढे, त्यांना कीबोर्ड बदलायचा नव्हता, आणि त्यांचं बरोबर होतं, बोटांना सवय असते. सुदैवाने जुन्या लेआउटने युनिकोड टाइप करता येतं, ते बसवून दिल्यावर त्यांची कुरकुर थांबली. इनडिझाइनमधे जोडाक्षरं तुटून दिसायला लागली तर घाबरू नका, परिच्छेदाच्या सेटिंगमधे वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा असतो, तेवढंच.

जुन्या फाइली मात्र कन्व्हर्टरमधून काढायच्या म्हणजे डोळ्यांची परीक्षा. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर, त्यामुळे "कार्य"चं "कायर्" होतं आणि "स्थिती"चं "िस्थती". हे निदान दिसतं तरी. "वाऱ्यावर", "दुसऱ्या", "पुढाऱ्यांनी" यातला र कधी गायब होतो आणि वाक्य तरीही वाचता येतं, त्यामुळे प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतं. आम्ही शेवटी असं केलं की जुन्या अंकांचा पूर्ण मजकूर दुरुस्त करत बसायचं नाही. पानं स्कॅन करून पीडीएफ, आणि फक्त शीर्षक, लेखकाचं नाव, गोषवारा आणि संदर्भसूची युनिकोडमधे नीट टाइप. शोधणारा तिथपर्यंत पोचला की झालं. स्कॅनिंग गावातल्याच एका झेरॉक्सवाल्याने करून दिलं, पानाला दीड रुपया, अंकाची शिलाई न उसवता, हे आधी ठरवून घ्या नाहीतर कटर मारून मोकळे होतात.

वेबसाइटसाठी ओजेएस म्हणजे ओपन जर्नल सिस्टीम्स वापरलं. कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टने (पीकेपी) २००१ मधे काढलेलं सॉफ्टवेअर, फुकट आहे, जगभरातली जर्नल्स त्यावर चालतात. एका वेबसाइट कंपनीने आम्हाला "कस्टम पोर्टल"चं ८५ हजारांचं कोटेशन दिलं होतं, ते बाजूला ठेवलं. माझा भाचा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, त्याने दोन रविवारांत ओजेएस बसवून दिलं. होस्टिंग आणि डोमेन मिळून वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास. ओजेएसचा मोठा फायदा म्हणजे गूगल स्कॉलरला, म्हणजे गूगलच्या संशोधन लेखांच्या शोधाला, लागणारी माहिती ते लेखाच्या पानात आपोआप घालतं, आपल्याला वेगळं काही करावं लागत नाही. एक करा, ईमेलसाठी एसएमटीपी, म्हणजे पत्रं पाठवायची सेटिंग, पहिल्याच दिवशी नीट लावून घ्या, नाहीतर लेख तपासणाऱ्या परीक्षकांना गेलेली सगळी पत्रं स्पॅममधे पडतात आणि तुम्ही बसता उत्तराची वाट बघत.

परीक्षणाचं तर विचारू नका. सिस्टीमचं म्हणणं की परीक्षकाने लॉगिन करावं, लेख उतरवावा, फॉर्म भरावा. आमचे एक परीक्षक पंच्याहत्तरीच्या पुढचे, मोडीचे जाणकार, ते लेखाची प्रिंट मागवतात, समासात बारीक अक्षरात लिहितात आणि नातीकडून फोटो काढून व्हॉट्सॲप करतात. असं परीक्षण मला तरी दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. मग त्यांच्या वतीने ते सिस्टीममधे मीच चढवते, ओजेएसमधे तशी सोय आहे, आणि फोटोही जोडून ठेवते. पुढे कुणी विचारलं की लेख खरंच तपासून घेतला होता का, तर पुरावा लागतो.

जुलै २०२२ मधे पहिला अंक ऑनलाइन आला आणि ऑगस्टमधे आयएसएसएनसाठी, म्हणजे नियतकालिकाच्या ओळखक्रमांकासाठी, अर्ज केला. छापील अंकाला नंबर आधीपासून होता, पण ऑनलाइन आवृत्तीला वेगळा घ्यावा लागतो. भारतात हे काम दिल्लीतल्या निस्पर या संस्थेतल्या राष्ट्रीय केंद्रातून होतं. फी शून्य. हे ठळक सांगते कारण "आयएसएसएन काढून देतो, पाच हजार" म्हणणारे बरेच फिरतात. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, संपादक मंडळाचं पान आणि वेबसाइटचा पत्ता तयार ठेवा. नंबर ऑक्टोबरमधे आला. त्रैमासिकाचं नाव सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं लिहा, रोमनमधलं स्पेलिंगसुद्धा एकच ठरवा, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी ते याच नोंदीशी ताडून बघतात. आणि आठ आकड्यांचा हा नंबर म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे, नुसती ओळख आहे. हे मी फोनवर इतक्या जणांना सांगितलंय की आता पाठ झालंय.

आता खरं काम. संमतीपत्रं.

आमचा पहिला अंक १९७१ चा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे आमच्या एकाही लेखकाला ते अजून लागू होत नाही. पन्नास वर्षांत आम्ही कुणाशीच लेखी करार केला नव्हता, मानधन म्हणजे दोन अंक आणि आभाराचं कार्ड. १९५७ च्या कायद्यानुसार हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि कागदावर मुदत आणि प्रदेश लिहिला नसेल तर पाच वर्षं आणि फक्त भारत असं धरलं जातं. म्हणजे छापायची परवानगी गृहीत धरली तरी इंटरनेटवर जगभर कायमचं टाकायचा हक्क आमच्याकडे नव्हताच. ट्रस्टी म्हणाले, "अहो कोण विचारतंय, टाका." सर म्हणजे आमचे संपादक म्हणाले, "आपण दुसऱ्यांच्या तळटिपा तपासतो आणि स्वतः न विचारता टाकायचं?" विषय संपला, आणि काम माझ्याकडे आलं.

हजारावर लेख, साडेचारशेच्या आसपास लेखक. अर्धेअधिक हयात नाहीत. मी वहीच घातली: लेखक, शेवटचा पत्ता, वारस, पत्र कधी पाठवलं, उत्तर. सुरुवात वर्गणीदारांच्या जुन्या रजिस्टरपासून केली. मग कॉलेजांचे माजी प्राध्यापक संघ, पेन्शनर संघटना, ग्रंथालयांचे ग्रंथपाल. ग्रंथपालांना सगळं माहीत असतं, हे लक्षात ठेवा. पत्राबरोबर स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवलं की उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते. मजकूर असा ठेवला होता, हवा असेल तर जसाच्या तसा घ्या: "माझा (किंवा माझे दिवंगत वडील / आई / आजोबा यांचा) अमुक अंकातला अमुक लेख आपल्या त्रैमासिकाच्या वेबसाइटवर सर्वांना विनामूल्य वाचता यावा यासाठी, पुढे दिलेल्या लायसन्सखाली, जगभरात आणि कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी प्रसिद्ध करण्यास माझी संमती आहे. कॉपीराइट माझ्याकडेच राहील." खाली नाव, नातं, सही, तारीख.

उत्तरं मात्र बघण्यासारखी आली. एका लेखकाची मुलगी न्यू जर्सीला, तिने सही तर पाठवलीच, वर विचारलं की बाबांचे अजून कुठले लेख तुमच्याकडे आहेत, आम्हाला घरी एकही सापडत नाही. एका घरात तीन भाऊ, दोघांनी सही केली, तिसरा म्हणाला आधी वाड्याचा निकाल लागू दे, तो लेख अजून तसाच अडकलाय. आणि एका ज्येष्ठ बाईंनी स्वच्छ लिहून पाठवलं की १९७९ चा तो लेख टाकू नका, त्यातलं मत माझं राहिलेलं नाही. त्यांच्या लेखाची आम्ही फक्त नोंद ठेवली, शीर्षक आणि पानं, पीडीएफ नाही. सरांना हळहळ वाटली कारण लेख उत्तम आहे, पण मला त्यांचं म्हणणं पटलं. ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही त्यांचंही असंच, नुसती नोंद.

जुन्या अंकांची माहिती भरतानाही अशीच गंमत. सिस्टीम विचारते, प्रसिद्धीची तारीख. आमच्या जुन्या अंकांवर "पौष-माघ-फाल्गुन, शके १८९३". शकात चैत्रापासून ७८ मिळवायचे आणि जानेवारी उजाडला की ७९, म्हणजे हा अंक झाला जानेवारी-मार्च १९७२ चा. पण आतल्या मुद्रकाच्या ओळीत तारीख जूनची, कारण अंक नेहमीसारखा उशिरा निघालेला. त्यात जोडअंक. मग ठरवलं, अंकाच्या नावात शक जसा छापलाय तसा, आणि प्रसिद्धीची तारीख म्हणून मुद्रकाची ओळ, तीच काय ती खरी.

नावांचं तर अजूनच. आपल्याकडे आद्याक्षरं लिहायची पद्धत, आणि फॉर्मला हवं असतं नाव वेगळं, आडनाव वेगळं. "श्री. वि. ना. जोशी" यातलं "श्री." म्हणजे श्रीयुत की श्रीधर? अनुक्रमणिकेवरून कळत नाही, मग दुसऱ्या अंकातल्या लेखकपरिचयात शोधा, नाहीतर कुणाला तरी फोन. लग्नानंतर आडनाव बदललेल्या लेखिका दोन वेगळ्या व्यक्ती म्हणून नोंदल्या जातात. हयात लेखकांना मी आता ऑर्किड नंबर, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक, काढायला लावते, सोळा आकडी असतो, फुकट आहे, पाच मिनिटांत होतो, आणि हा घोळ कायमचा मिटतो. एका सेवानिवृत्त सरांना वाटलं मी त्यांना फुलांच्या कसल्या तरी स्कीममधे ओढतेय.

सप्टेंबर २०२३ मधे डीओआयसाठी ते देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेची मेंबरशिप घेतली. डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा पत्ता. उद्या वेबसाइट बदलली तरी आपण क्रॉसरेफकडे नवा पत्ता कळवायचा आणि जुन्या तळटिपांमधली लिंक चालू राहते. त्या वेळी सगळ्यात खालच्या गटाला वर्षाला २७५ डॉलर, शिवाय नव्या लेखाला एक डॉलर आणि जुन्याला १५ सेंट. २७५ डॉलर म्हणजे तेव्हाचे जवळजवळ तेवीस हजार. मीटिंगमधे शांतता. मग एकजण, "एवढ्यात अर्ध्या अंकाचा कागद येतो." खरंच येतो. भारतात काही संस्था प्रायोजक म्हणून छोट्या प्रकाशकांना आपल्या छत्राखाली घेतात, त्यात वार्षिक फी वेगळी भरावी लागत नाही, त्यांचे दर आधी विचारून बघा. आम्ही थेट गेलो कारण एका माजी विद्यार्थ्याने पहिल्या तीन वर्षांचे पैसे दिले. डॉलरमधे भरायला ट्रस्टच्या नावाचं आंतरराष्ट्रीय चालणारं कार्ड लागतं, आमच्याकडे नव्हतं, बँकेत ठराव, केवायसी, ट्रस्टींच्या सह्या यातच दीड महिना गेला. ते आधी सुरू करा. आणि डीओआयच्या शेपटीत वर्ष किंवा अंक घालू नका, साधे क्रमाने आकडे द्या. आमच्या शकाच्या भानगडीत कुठली तारीख पुढे बदलावी लागेल सांगता येत नाही, आणि एकदा दिलेला डीओआय बदलता येत नाही.

मधेच १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांचा नवा कायदा लागू झाला, १८६७ चा जुना गेला, आणि नव्याच्या व्याख्येत शास्त्रीय, तांत्रिक आणि शैक्षणिक जर्नल्स नियतकालिकांत धरलेलीच नाहीत. वकिलांना विचारलं, ते म्हणाले जुनी नोंदणीची कागदपत्रं जपून ठेवा. ठेवलीत.

एप्रिल २०२४ मधे डीओएजेला, म्हणजे खुल्या जर्नल्सच्या निर्देशिकेला अर्ज केला. हीसुद्धा फुकट. वर्षाला निदान पाच संशोधन लेख, परीक्षणाची पद्धत वेबसाइटवर लिहिलेली, लेखकांकडून पैसे घेता का ते स्पष्ट, आणि लायसन्स. लायसन्सवरून वादावादी झाली ती इथे. सरांना भीती की गाइडवाले लेख उचलून छापतील. मग क्रिएटिव्ह कॉमन्सचं बिगर-व्यावसायिक लायसन्स घेतलं, म्हणजे लेखकाचं नाव देऊन वापरा, पण धंद्यासाठी नाही. ते घेतलंत तर वेबसाइटच्या तळाची "सर्व हक्क राखीव" ही ओळ काढा, दोन्ही एकत्र चालत नाही आणि तपासणारे तेच आधी बघतात. त्यांच्याकडून दोनदा शंका आल्या, नोव्हेंबरमधे नाव लागलं.

त्याच महिन्यात केंद्राने वन नेशन वन सबस्क्रिप्शन मंजूर केलं, तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी कॉलेजं-विद्यापीठांना वाचायला. एक ट्रस्टी पेपर घेऊनच आले, "यात आपण कुठे?" कुठेच नाही. आपण फुकट आहोत, आपल्याला कोण विकत घेणार. योजना वाईट आहे असं अजिबात नाही, आमच्या गावातल्या पोरांना ती जर्नल्स मिळणार हे चांगलंच आहे. पण फुकट वाचायला देणाऱ्याचा खर्च कुणी उचलायचा हा प्रश्न तसाच राहतो, आणि तो मी अजून सोडवलेला नाही. वर्गणीदार साडेतीनशेचे दोनशे साठ झालेत. काही लायब्रऱ्यांनी कळवलं, ऑनलाइन मिळतोय तर अंक कशाला. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित हेच केलं असतं.

यूजीसी-केअरचं, म्हणजे यूजीसीच्या मान्य जर्नल्सच्या यादीचं, पण सांगायला हवं, कारण दहातले आठ फोन त्यासाठीच. ती यादी २०१९ पासून होती आणि प्रकाशकाला थेट अर्ज करता येत नव्हता, कॉलेजच्या आयक्यूएसी म्हणजे गुणवत्ता कक्षामार्फत जावं लागायचं. आमचे कागद २०२४ च्या फेब्रुवारीत एका कॉलेजात दिले, तिथून पुढे सरकायच्या आत यादीच बंद झाली, यूजीसीची सूचना फेब्रुवारी २०२५ ची. निर्णय झाला होता ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत, मराठीला अभिजात दर्जा मिळाला तोच दिवस, आमचे सर यावर अजून हसतात. आता संस्थांनीच जर्नल तपासायचं आहे. प्राध्यापकांचा प्रश्न, "मग आम्ही प्रमोशनच्या फाइलला काय लावायचं?" म्हणून वेबसाइटवर एक पान केलं: आयएसएसएन, डीओएजेची नोंद, परीक्षणाची पद्धत, संपादक मंडळ, आतापर्यंतचे अंक. त्याची प्रिंट काढून लावतात, चालतं.

दुसऱ्या प्रकारचे फोनही येतात. "मॅडम, पेपर किती दिवसांत लागेल? शनिवारी प्रमोशनची फाइल आहे, तीन हजार लगेच जीपे करतो." मी सांगते, परीक्षणालाच चार महिने लागतात. समोरून, "मग बाकीचे तीन दिवसांत कसे देतात?" यावर काय बोलणार, मी ठेवून देते. २०१८ मधे यूजीसीने तेव्हाच्या यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकली होती, ती उगाच नाही.

शेवटचं, आणि हे खरं तर पहिल्या दिवशी करायचं काम आहे. डोमेन, होस्टिंग, ओजेएसचा ॲडमिन, क्रॉसरेफ, सगळी खाती ट्रस्टच्या ईमेलवर घ्या, माझ्या नाही, भाच्याच्या तर नाहीच, तो आता बंगळुरूला आहे. पासवर्ड बंद पाकिटात ट्रस्टच्या लॉकरमधे. ओजेएसचा बॅकअप दर महिन्याला एका हार्ड डिस्कवर आणि ती डिस्क कार्यालयात नाही, दुसऱ्या घरी. पीकेपीचं जतनाचं फुकट प्लगइन आहे तेही चालू केलंय. डोमेन जूनमधे, होस्टिंग ऑगस्टमधे, क्रॉसरेफचं बिल जानेवारीत, या तारखा कार्यालयातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिल्यात आणि नव्याने लागलेल्या मुलीला सांगून ठेवलंय की डिसेंबरात नवं कालनिर्णय आलं की आधी त्या उतरवायच्या, मग सुट्ट्या बघायच्या.